आर्डिसचे पांढरे ग्लास

आर्डिसनं ग्लास खिडकीतल्या उजेडापुढे धरला. बाहेर मैलभर मका उभा होता, पण ग्लासातून नुसतं धुकं दिसत होतं. दुसरा धरला, तेच. आठच्या आठ ग्लास डिशवॉशरमधून आत्ताच धुऊन निघाले होते आणि पिठात लोळून आल्यासारखे दिसत होते.

"व्हर्लिन, हे बघ जरा!"

"स्वच्छ तर आहेत," पेपरामागून नवरा म्हणाला.

"पेपर खाली ठेवून बघ."

व्हर्लिननं पेपर खाली घेतला, बघितलं आणि पुन्हा वर घेतला. बेचाळीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतोच.

मिनेसोटाच्या या भागात पाणी बोअरचं, आणि असं जड की किटली महिनाभर वापरली तर क्षार साचून तळ वर येतो. एरवी आर्डिसनं मनावर घेतलं नसतं. पण आज दुपारी दोनला चर्चच्या महिला मंडळाच्या बायका तिच्या घरी यायच्या होत्या, आणि मंडळाची मुख्य होती लव्हॉन. व्हर्लिनची थोरली बहीण, म्हणजे आर्डिसची नणंद. चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली अकरा वर्षं लव्हॉनच्या पर्समध्ये होती. ती आता हे काम सोडणार होती, आणि किल्ली कुणाला द्यायची हे आज ठरणार होतं. आर्डिसला ती किल्ली हवी होती. अकरा वर्षं तिनं तिथं बटाटे सोलले होते आणि मीठ किती घालू म्हणून दर वेळी नणंदेला विचारलं होतं. आता बस्स झालं.

अडचण एकच. लव्हॉन कुणाच्याही घरी गेली की आधी ग्लास उजेडात धरायची. बोलायची काहीच नाही. आमच्याकडे तोंडावर कुणी काही बोलतच नाही. फारच झालं तर "वेगळंच आहे हं" असं म्हणतात, आणि तेवढ्यानं घरची बाई आठवडाभर जेवत नाही.

"व्हिनेगर!" आर्डिस म्हणाली. तिनं वाडगाभर व्हिनेगर वरच्या जाळीत ठेवलं आणि मशीन कडक गरम पाण्यावर लावलं. तासाभरानं दार उघडलं तर सगळ्या घराला लोणच्याचा वास सुटला होता. ग्लास मात्र होते तसेच. मग तिनं मशीनच्या तळाला खायचा सोडा भुरभुरला आणि ती अंघोळीला गेली.

इथं व्हर्लिनला बायकोची दया आली. नवऱ्याला दया आली की समजावं, काहीतरी फुटणार. त्यानं मशीनमध्ये डोकावून पाहिलं, नुसता सोडा दिसला. 'साबणच घालायला विसरली बिचारी,' असं म्हणून त्यानं सिंकजवळची हातानं भांडी घासायच्या साबणाची बाटली घेतली, चांगली लांब पिचकारी मारली आणि बटण दाबलं.

आर्डिस डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली तेव्हा डिशवॉशरच्या दाराखालून फेस निघून फ्रिजपर्यंत पोचला होता.

"अरे देवा! काय घातलंस तू?"

"साबण. थोडासाच."

"हातानं घासायचा? मशीनमध्ये?"

"साबण तो साबण! थांब, ब्लीच आणतो, ब्लीचनं सगळं—"

"खबरदार! आत व्हिनेगर गेलंय. ब्लीच ओतून घरात विषारी वायू करायचाय का तुला? मीठ आण!"

व्हर्लिननं मिठाचा डबा उपडा केला. फेस बसला, आणि फरशीवर खारट चिखल झाला. दोघं गुडघ्यांवर बसून आंघोळीचे टॉवेल, बीचचे टॉवेल, शेवटी पाहुण्यांसाठी ठेवलेले भरतकामाचे टॉवेलही फिरवत राहिले. एक वाजून वीस मिनिटं झाली. आर्डिसच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुझ्या बहिणीला आज आयतंच सापडणार."

"अगं, ती काही बोलणार नाही."

"तेच तर!"

तेवढ्यात तिला आठवलं. लिंबू सरबताची बिनसाखरेची पूड! त्यातल्या आंबटानं क्षार सुटतात, हे गावातली प्रत्येक बाई जाणते. कपाटात बारा पाकिटं होती. आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत तिनं बाराच्या बारा फोडली, राहिलेलं व्हिनेगर त्यात ओतलं, पाणी घातलं आणि ढवळलं. यात ग्लास बुडवून ठेवायचे, अर्ध्या तासात लख्ख.

आता ही आइस्क्रीमची बादली म्हणजे काय, ते आमच्याकडच्याच माणसाला कळेल. ती कुणी टाकत नाही. एकीत बटाट्याचं सॅलड असतं, दुसरीत खिळे, तिसरीत गोठवलेलं सूप, चौथीत रंगाचे ब्रश. झाकणावर मात्र सगळ्यांच्याच 'व्हॅनिला' लिहिलेलं असतं.

दारावरची घंटा वाजली. दोनला बोलावलं की आमच्या बायका पावणेदोनला येतात, आणि लव्हॉन पावणेदोनच्या आधी दहा मिनिटं.

"टॉवेल लपव! ग्लास बघ!" आर्डिस कुजबुजली आणि दाराकडे धावली.

व्हर्लिननं टॉवेल ओव्हनमध्ये कोंबले. मग ग्लास बघितले. शेजारी बादलीभर पिवळंधमक सरबत, त्यात डाव. जुलैची दुपार. बायको किती तयारीची, असं त्याच्या मनात आलं. त्यानं बर्फ टाकला, आठ ग्लास भरले आणि ट्रे घेऊन दिवाणखान्यात शिरला.

आर्डिसनं ट्रे पाहिला. ती पुढे होईपर्यंत त्यानं ग्लास वाटूनही टाकले.

आर्डिस धरून आठ बायका, आठ ग्लास. नव्वदीला टेकलेल्या एल्वेरानं आधी घोट घेतला. तिचा एक डोळा मिटला तो उघडेना. शेजारची मार्लिस प्यायली आणि तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"ताजंतवानं वाटतं अगदी," एल्वेरा एका डोळ्यानं म्हणाली.

"उन्हाळ्यात असंच हवं," मार्लिस घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कृती देशील ना?"

लव्हॉन प्यायली, शांतपणे गिळलं, आणि ग्लास उजेडात धरला. आर्डिसनं मनात म्हटलं, गेली किल्ली!

पण ग्लासाच्या खालच्या भागातून मका दिसत होता. पानन् पान! सरबत जिथवर होतं तिथवर काच झगझगत होती आणि वर, काठाशी, तेवढा पांढरा पट्टा राहिला होता. व्हर्लिननं ग्लास काठोकाठ भरले नव्हते.

आर्डिसच्या अंगात वारं शिरलं. "व्हर्लिन, बादली आण! अगं बायांनो, अर्धा ग्लास काय पिता? लाजू नका!"

"नको गं, पुष्कळ झालं," मार्लिस कळवळली.

"थोडंसं!"

"नको, खरंच."

"माझ्यासाठी!"

तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावर नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. आठही ग्लास काठोकाठ भरले गेले. कुणीतरी टेबलावरच्या रुबार्बच्या गोड वड्यांचं कौतुक केलं आणि सगळ्या वड्यांवर तुटून पडल्या. वीस मिनिटं पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. पाळीपाळीनं एकेकीनं ग्लास संपवला. आर्डिसनंही संपवला, काय करणार! शेवटी टेबलावर आठ रिकामे ग्लास असे चमकत होते की काच आहे की नाही हे हात लावून बघावं.

लव्हॉननं आपला पुन्हा उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग ती उठली आणि म्हणाली, "आर्डिस, मला गाडीपर्यंत सोड."

अंगणात तिनं पर्समधून किल्ली काढली आणि आर्डिसच्या तळहातावर ठेवली. आर्डिसला रडूच कोसळलं. "लव्हॉन, मला सांगायलाच हवं. ते सरबत नव्हतं—"

"बारा पाकिटं आणि व्हिनेगर. पहिल्याच घोटाला कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या घरी? सगळ्यांसमोर?" लव्हॉनला खरंच धक्का बसला.

"अहो, पण दुसराही ग्लास प्यायलात!"

"त्याशिवाय वरचा पट्टा जातो का, ते कळलं असतं कसं?" लव्हॉन गाडीत बसली, तिनं काच खाली केली आणि इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "चर्चचं मशीन आतून पांढरंफेक झालंय. अकरा वर्षं सगळं करून बघितलं, हरले मी. कपाटात मागच्या बाजूला दोनशे ग्लास लपवलेत, कुणी बघू नये म्हणून. उद्या सकाळी लवकर ये." तिनं गाडी सुरू केली. "आणि हो, तेवढे पिणार कोण, ते तूच बघ."