सोबत्याचा रकाना

भर एप्रिलच्या दुपारी परभणीच्या उड्डाणपुलावरून कानटोपी, लोकरी हातमोजे आणि दोन काठ्या घेऊन कुणी गुडघे वाकवून उतरताना दिसलं, तर रिक्षा थांबवू नका. ते आमचे शेजारी दिगंबरकाका. एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. जपानला जाऊन बर्फावर स्की करायचंय, त्याचा सराव चाललाय. परभणीत उतार म्हणून तेवढाच.

सात दिवसांचा दौरा त्यांनी डेपोच्या वेळापत्रकासारखा आखलाय. तीन दिवस बर्फ, एक दिवस गरम पाण्याचे झरे, दोन दिवस क्योटोची देवळं, एक दिवस नारा गावातली हरणं. तिथली रेल्वे सेकंदावर धावते, तरी प्रत्येक गाडीपुढं ‘अर्धा तास राखीव’. विचारलं तर म्हणतात, “गाडी कुठलीबी असू दे, भरवसा वेळेवर न्हाई, राखीववर ठेवायचा.”

आता माझं सांगतो. मी आंदोलक. आमच्या बसथांब्याला शेड मिळावी म्हणून पत्रकं काढतो. अकरा मागण्या, प्रत्येकीच्या शेवटी ‘ताबडतोब’. काका लाल पेनानं एकूण एक ‘ताबडतोब’ खोडतात. “खामखा घाई करू नको. ताबडतोब म्हटलं की कोणी हलत न्हाई.”

परवाच्या धरण्याला ‘प्रचंड संख्येनं’ आम्ही तिघं होतो. मी, काका आणि सतरंजी परत न्यायला थांबलेला मंडपवाला. मी अन्यायावर बोलत होतो आणि काका वहीत क्योटोच्या बसच्या वेळा उतरवत होते. मी पेटलो. माईकवरूनच म्हणालो, “जनता उन्हात उभी आणि तुम्ही बर्फात घसरायला निघालात? लाज वाटत नाही?”

“घसरायचंच हाय तर मऊ जागी घसरावं की बापा,” असं म्हणून काका माझ्यासाठीच पाणी आणायला उठले.

वही सतरंजीवर राहिली. पुरावा म्हणून मी ती उघडली.

‘दिवस पहिला: सोबत्याला खिडकी. दिवस दुसरा: सोबत्याचे मोजे फाटके असतात, दोन जोड जास्त घेणे. दिवस पाचवा: देवळं दोनच. गर्दी दिसली की सोबती भाषण करतो, अर्धा तास राखीव.’

पहिल्या पानावर ‘सोबती (खर्च माझा)’ या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं माझं नाव होतं.

काका आले. वही माझ्या हातात पाहून बाटलीचं झाकण उगाच फिरवत राहिले. “सत्तरीच्या माणसाला एकटं न्हेत न्हाईत म्हणं ते सहलवाले. शनिवारपर्यंत नाव द्यायचंय. पोरगा म्हणला, सुट्टी न्हाई. तुला इचारणार होतो, पण तू कायम मोर्चात. ऱ्हाऊ दे.”

माईक चालूच होता. सकाळपासून पहिल्यांदाच मी तो बंद केला. मी पत्रकाच्या पाठीवर बारावी मागणी लिहिली: ‘मला जपानला नेण्यात यावे, ताबडतोब.’

काकांनी सवयीनं लाल पेन काढलं. दोनदा वाचलं. मग पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं आणि म्हणाले, “उद्या चारला पुलावर ये. मोजे घालून.”