बोर्डाचा इतिहास

शिडी धरायला कसली आलीय अक्कल, असं घड्याळवाल्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं आणि शिडी धरायला तिच्याच थोरल्या भावाला बोलावलं. यातच त्याची स्वतःची अक्कल दिसली. दादा इंग्रजीचा निवृत्त मास्तर. शाळेने त्याला सोडलं, पण त्याने शिकवणं काही सोडलं नाही.

घड्याळवाल्याचा जन्म दुसऱ्यांच्या दुकानांत मान मोडून काम करण्यात गेला होता. आज त्याचं स्वतःचं दुकान उघडणार होतं. भांडवल म्हणाल तर त्याचा उजवा हात, दुसरं काही नाही. आता फक्त दारावर बोर्ड लावायचा बाकी होता. तो शिडीवर चढला, दोन स्क्रू पिळले आणि खाली बघून म्हणाला, "दादा, बोर्ड सरळ आहे का?"

दादाला तेवढंच हवं होतं.

"मेव्हणे, बोर्ड म्हणजे मुळात काय, माहितीये?"

"फळी. सरळ आहे का तेवढं सांगा."

"शाब्बास, फळी! पुढे त्या फळीचंच झालं टेबल." दादाने एक हात काढून हवेत टेबल मांडलं. "मग टेबलावरचं जेवण, तेही बोर्ड. आणि टेबलाभोवती बसून कारभार हाकणारी मंडळी, तीसुद्धा बोर्डच."

रस्त्यावरची माणसं थांबली. रिकामटेकड्यांना थांबायला निमित्त लागतं कुठे? त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि तोंडं उघडली. त्यातला एक टायवाला उगाच हुशारी दाखवत म्हणाला, "मग जहाजात चढलं की ऑन बोर्ड का म्हणतात हो?"

दादाचे डोळे भरून आले. असा विद्यार्थी त्याला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता. "कारण जहाजाची बाजू, तीही बोर्ड!" आणि जहाज एका हाताने दाखवता येत नाही.

शिडी सरकली. घड्याळवाला बोर्डाला लोंबकळू लागला.

"दादा, शिडी!"

"शिडीवर मग येतो. एका वेळी एकच शब्द."

"ऐकू द्या हो जरा," टायवालाही वर बघून करवादला.

मग बोर्ड, स्क्रू आणि घड्याळवाला असे सगळेच खाली आले. उजवा हात सगळ्यांच्या खाली सापडला.

दवाखान्यात बायकोने रडून आकांत मांडला. "अहो, हा हात वाकडा राहिला तर दुकान कसलं उघडताय?"

"नाही राहणार," डॉक्टर म्हणाला. त्याने हाड बसवलं, ओलं प्लास्टर गुंडाळलं आणि हात दोन्ही तळव्यांत घट्ट धरला. "हे सुकेपर्यंत मी असाच धरून ठेवणार. जरासुद्धा हलता कामा नये."

घड्याळवाल्याला हायसं वाटलं. निदान धरणारा माणूस तरी शहाणा भेटला होता.

"प्लास्टर," कोपऱ्यातून दादा खाकरला, "हा शब्द मूळचा ग्रीक, बरं का."

"काय सांगता?" म्हणत डॉक्टरने हात सोडला आणि बसायला खुर्ची ओढली.