गुलाबकाकांचा डेन्मार्क

मारेगावात जो तो कापसाचा भाव विचारी. गुलाबकाका डेन्मार्कची खबर विचारत. यवतमाळहून एसटी येऊन वर्तमानपत्रांचा गठ्ठा खाली पडला, की हा सुतार रंधा तसाच लाकडावर टाकून रस्ता ओलांडत येई. "वाच गा. घेतलं का त्याले?"

युरोपातल्या सहा देशांनी मिळून एक बाजार थाटला होता. आपसात जकात नाही, कारभारही हळूहळू एक. इंग्लंडने आत घ्या म्हणून अर्ज केला, त्याच्या पाठोपाठ डेन्मार्कने. आमच्या गाडीचं चाक दुरुस्त होईतो मी ही बातमी एकदा काकांना वाचून दाखवली आणि काकांनी डेन्मार्क पोटच्या पोरासारखा धरला.

"लहान हाय, पन लोनी चांगलं करते," ते गिऱ्हाइकांना सांगत. "घ्याले काय हरकत हाय?"

मी तेव्हा पत्रकं छापून गावभर वाटत असे. लहान राष्ट्रांनी कुणापुढे वाकू नये, हे माझं ठाम मत होतं. आजही आहे.

"काका, आत गेल्यावर डेन्मार्कचं ऐकणार कोण? मोठे ठरवतील, हा मान डोलवेल."

"आन् बाहीर राहून कोनाले आयकवते? भितीले?"

काकांकडे ती भिंत खरंच होती. पलीकडे थोरले भाऊ शामराव आणि वहिनी. अलीकडे काका एकटे. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून काका एकदा ताटावरून उठले आणि म्हणाले, "माही चूल येगळी!" कुणीतरी अडवेल अशी त्यांची खात्री होती. वहिनी म्हणाल्या, "मांडा." झालं. तेव्हापासून एकाच छपरातून दोन धूर निघत. काकांची भाकरी एका अंगाने नेहमी करपलेली असे.

थंडीत बातमी आली. इंग्लंडला नकार मिळाला, आणि त्याच्या भरवशावर गेलेला डेन्मार्कही परत फिरला.

"दारातूनच?" काकांनी हातातला आरा खाली ठेवला. त्या दिवशी चाक अर्धंच राहिलं.

त्याच आठवड्यात शामरावांच्या मुलीचं लग्न निघालं. न्हाव्याने गल्लीभर जेवणाचं आवतन दिलं आणि गल्लीत धरून काकांच्या दारातही दिलं. काका माझ्याकडे आले ते धुमसतच. "घरच्याले कोनी आवतन देते का गा?"

"मग जाऊच नका! स्वाभिमान आहे की नाही?"

"हाय ना. तोच तं घेऊन बसलो इतके दिवस."

आमच्याकडे पंगतीला जाणाऱ्याने आपलं ताट-लोटा घरून न्यायचा. घरच्यांसाठी घरची ताटं. काकांनी राखेने ताट घासघासून लखलखीत केलं, काखेत मारलं, आणि परक्यासारखे मांडवात येऊन माझ्या शेजारी बसले.

वाढत वाढत वहिनी आमच्यापर्यंत आल्या. ताटाकडे पाहून थबकल्या. मग वाकल्या, काकांपुढचं ताट उचललं आणि आत निघून गेल्या.

सगळी पंगत पाहत राहिली. काकांपुढे नुसती जमीन. वरणवाला वाढप्या पळी धरून उभा. "कुठं वाढू बाप्पा?"

काकांचा चेहरा मला बघवेना. मी उठणार, तोच वहिनी परत आल्या. हातात जुनं पितळी ताट होतं, एका काठाला चेपलेलं. ते त्यांनी काकांपुढे ठेवलं.

"तुमचंच हाय, भाऊजी. भाजीत मीठ कमी हाय. लागलं तं मांगा."

भाजी खरंच अळणी होती. काकांनी तीनदा घेतली, मीठ एकदाही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी एसटी आली, तसे काका आलेच. "डेन्मार्क पुन्हा अर्ज करन का गा?"

"करेलही."

"करू दे. संग ताट नेऊ नको म्हना."

छपरातून एकच धूर निघत होता. मी तिकडे पाहतोय हे त्यांनी पाहिलं आणि घाईने म्हणाले, "माहं ताट तिकडंच अडकलं ना गा. जेवाले जा लागते."