कुरमुऱ्यांशिवाय भेळ

टेक्सासमधल्या अर्विंगच्या थिएटरात मराठी पिक्चर लावायचं देवयानीने आठ महिने ईमेल करून करून जमवलं होतं. पहिला खेळ नीट पार पडला तर दर महिन्याला एक, असा शब्द मॅनेजर लिंडाबाईंनी दिला होता. नाहीतर रामराम.

खेळ हाऊसफुल्ल गेला. पण पिक्चर जेमतेम रंगात येतोय तोच लिंडाबाईंनी देवयानीला बाहेर बोलावलं. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"एकशे वीस माणसं आत गेली आणि एकानेही पॉपकॉर्न घेतलं नाही!"

"पण तिकिटं तर सगळी गेली ना?"

"तिकिटाचे पैसे बहुतेक पिक्चरवाले नेतात, डार्लिंग. माझे आजोबाही थिएटर चालवायचे, तेव्हापासून हेच चाललंय. थिएटर जगतं ते पॉपकॉर्नवर. असंच असेल तर पुढच्या महिन्याचं विसरा."

बाहेरचं खाणं आत आणू नका, असं तिने ग्रुपवर तीनदा लिहिलं होतं. आता आपली माणसं अशा मेसेजला आधी अंगठा दाखवतात आणि मग तयारीला लागतात, त्याला ती बिचारी काय करणार?

इथल्या पिक्चरना मध्यंतर नसतं. पण देवयानीने हातापाया पडून वीस मिनिटं मागून घेतली होती. दिवे लागले, ती आत गेली आणि बघतच राहिली. संजयच्या जॅकेटातून चिरलेला कांदा निघाला, राधाच्या डायपर बॅगेतून चिंचेची चटणी, रत्नाकाकूंच्या शालीतून शेव.

"काकू, हे काय?"

"भेळ गं! सगळं आलं, कुरमुरे तेवढे राहिले. एवढं मोठं पुडकं लपवणार कुठे? त्यात मेलं वाजतं किती!"

"अहो, मेसेज केला होता ना मी!"

"वाचला की. म्हणून तर प्रत्येकाने थोडं थोडं आणलं."

देवयानीला आधी राग आला, मग रडू आलं आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला.

"काकू, पॉपकॉर्न घालून बघू या?"

"भेळेत? शिव शिव!"

पण भूक वाईट असते. संजयने पॉपकॉर्नची एक बादली आणली. कांदा पडला, चटणी पडली. काकूंनी घास घेतला आणि डोळे मिटले.

"संजय," काकू डोळे न उघडताच म्हणाल्या, "अजून चार आण. मोठ्यातल्या मोठ्या."

मग काय विचारता! काउंटरवर ही झुंबड. गर्दी बघून लिंडाबाई धावत आल्या, कांदा बघून ओरडायला त्यांनी तोंड उघडलं आणि काकूंनी त्यात चमचाभर भेळ घातली. "हिला तिखट बेताचं द्या रे!"

वासावर शेजारच्या स्क्रीनचे टेक्सनही आले. उरलेला पिक्चर रिकाम्या खुर्च्यांपुढे चालला. हीरोने माफी मागितली, हीरोइनने ती दिलीसुद्धा, पण बघायला होतं कोण?

शेवटी पॉपकॉर्नचं मशीन बंद करून लिंडाबाई आल्या. हनुवटीला चटणी, चेहऱ्यावर आनंद मावेना.

"पुढच्या महिन्यात नक्की या!"

देवयानीने त्यांना मिठीच मारली. "थँक यू! सांगा, कुठला पिक्चर लावू?"

लिंडाबाईंनी जरा विचार केला.

"लावायलाच हवा का?"