खिचडीच्या किल्लीची मोहीम

श्रीगणेश, श्रीशारदा आणि शालेय पोषण आहार यांस वंदून लिहावयास कारण ऐसे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी, सोमवारी साखरशेताकडील एका पाड्याच्या शाळेत बलाबलांचे तुंबळ युद्ध जाहले, ते घडले तैसे कथितो.

मुदपाकखान्याच्या मुखत्यार पोशीबाई. सात वर्षांत त्यांची खिचडी एक दिवस चुकली नव्हती, हीच त्यांची दौलत. त्या दिवशी हात धुता धुता कमरेस पिनेने अडकविलेली कोठीची पितळी किल्ली पिनेसकट निखळली आणि शोषखड्ड्याच्या प्लास्टिक नळात गेली. नळ मनगटाएवढा रुंद, दीड पुरुष खोल. तांदूळ, डाळ, तेल सारे कोठीत कैद, आणि एकतीस लेकरे सकाळच्या कोऱ्या चहावर बसलेली. बाई नळापाशीच बसोन रडू लागल्या.

मग विज्ञानाचे सुभेदार तुळशीदास गुरुजी खडू उगारोन आले आणि फर्माविते जाहले की, किल्ली खाली नेली ते गुरुत्वीय बल, पृथ्वी सर्वांस आपणाकडे ओढिते, सबब रडू नये. बाई मनी म्हणाल्या, जळला मेला तो धडा! मग शिपाई लहान्या धोंडा घेऊन कुलुपावर चालोन गेला. गुरुजी वदले, हे स्नायू बल. कुलूप तसूभर हलले नाही, लहान्याचा अंगठा मात्र सुजला. मग गुरुजींनी स्वहस्ते केसांवर फणी घासोन नळावर धरिली. तेथे पडलेले कागदाचे कपटे फणीस चिकटले, किल्ली ढिम्म. ते स्थितिक विद्युत बल, सपशेल पराभूत. आणि गुरुजींचे उभे केस पाहोन पोरे भूक विसरोन खिदळली.

तेव्हा सहावीच्या रविनाने अर्ज गुजारला की, मोडक्या कर्ण्याचे चुंबक सुतळीस बांधोन सोडावे. गुरुजी खिन्न होऊन म्हणाले की, पितळेस चुंबक शिवत नाही. त्यावर पोशीबाई कडाडल्या, "गुर्जी, किल्ली पितळंची, पन पिन लोखंडाची हाय ना!"

चुंबक उतरले, टक् वाजले, आणि वर येता पिन नळाच्या सांध्यात अडली. "घर्षण बल!" गुरुजी गर्जले. तेल ओतावे तर तेल कैदेत. मग बाईंनी हात धुण्याच्या साबणाचे पाणी ओतिले, आणि किल्ली फेसाने माखोन वर आली.

अडीच वाजता पंगत बसली. आज कोणते बल जिंकिले ते सांगावे, ऐसा गुरुजींचा हुकूम सुटला. एकतीस तोंडे भरलेली, जाब कोण देतो! रविनाने ताट पुढे केले, "मावशी, अजून." बाईंनी डाव भरोन वाढिले आणि पदराने डोळे पुसले.

किल्ली फत्ते जाहली. खिचडीस उशीर जाहला, परंतु ती चुकली नाही. पातेले रिकामे असल्याची शहानिशा करोन हे लेखन पुरे केले.