हमीदभाईंच्या थाळ्या

उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर पापड वाळतात. हमीदभाईंच्या गच्चीवर स्टीलच्या रिकाम्या थाळ्या असतात. रिकाम्या आपल्या लेखी, त्यांच्या मते त्यांत धूळ वाढलेली असते.

दर जुम्म्याला ते ही धूळ ब्रशनं पुडीत भरतात आणि पुडीवर वाऱ्याची दिशा लिहितात. पावसाळ्यात थाळ्यांच्या जागी बरण्या येतात. औरंगाबादेत मुळात पाऊस कमी, त्यातला अर्धा हमीदभाईंकडं, अशी माझ्या बायकोची तक्रार आहे. खुलताबादला भाच्यासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा त्यांनी मुलीऐवजी खिडकीची चौकट बोट फिरवून पाहिली. मुलीकडचे आठ दिवस घर धूत होते.

एकदा मी त्यांना चुंबक आणून दिला. पुडीजवळ नेताच काळे कण उभे राहिले.

"हे लोखंड," हमीदभाई म्हणाले. "हे निदान हात तरी वर करतं. शिसं लई चुप्पं. चुंबकाला ओळख देत नाय. पावसासंगं खाली येतं, वाळलं की परत उडतं."

शिशाचं कारण गल्लीच्या टोकाला होतं. तिथल्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं भट्टीत वितळवत. शेडला लागूनच बालवाडी. हमीदभाई पुड्या घेऊन एका सरकारी कचेरीत गेले.

"धूळ आमच्याकडं कशाला आणली?" कारकुनानं विचारलं.

"तुमच्याकडं नाय का?" म्हणत हमीदभाईंनी त्याच्या टेबलावर बोट फिरवलं आणि त्याचीही पुडी बांधली.

शेवटी एका कॉलेजातल्या प्राध्यापिकेनं पुड्या तपासल्या. शिसं निघालं, तेही भरपूर. तपासणीचा कागद घेऊन बालवाडीतल्या मुलांच्या आया शेडमालकाकडं गेल्या. हमीदभाई सगळ्यांच्या मागं उभे होते.

"धूर तर वर जातो," मालक म्हणाला.

"वर कुणी ठेवून घेत नाय," मागून हमीदभाई म्हणाले.

आया तीन दिवस शेडच्या दारात बसल्या. चौथ्या दिवशी भट्टी बंद झाली.

मला वाटलं, आता हमीदभाई आराम करतील. तर ते रोज सकाळी, मुलं यायच्या आत, बादली घेऊन बालवाडीत दिसू लागले. पायऱ्या, गज, झोपाळ्याच्या साखळ्या, सगळं ओल्या फडक्यानं पुसायचे. एकदा मी दूध घेऊन येताना तिथं थांबलो.

"भट्टी गेली की, हमीदभाई. आता कशाला?"

"भट्टी गेली. पडलेलं कुठं गेलं?" ते फडकं पिळत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी बारा वर्षं अशाच भट्टीवर होतो, साहेब. संध्याकाळी घरी आलो की सलमा माझा सदरा दारात झटकायची. रोज. मग कणीक मळायला बसायची. मला वाटायचं, किती टापटीप ठेवते मला."

सलमाभाभींना जाऊन सात वर्षं झाली होती. आजार काय होता, हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" मी विचारलं.

"नक्की काय बोललेच नाय. याच्यामुळं, असं नाय. याच्यामुळं नाय, असंबी नाय."

मी उभा होतो ती पायरी पुसायची राहिली होती. ते फडकं हातात धरून थांबले. मी बाजूला झालो.