वामनरावांची हीटर-मोहीम

ज्यांस ऊन सोसते आणि परक्याची बढाईही सोसते, त्यांनी ही हकीकत अवश्य ऐकावी. चंद्रपूर शहरी, जेथे वैशाखात दाराच्या कडीस हात लाविता चटका बसतो, तेथे राजमान्य वामनराव, निवृत्त विस्तार अधिकारी, विलायती-मोटार-धुरंधर, यांनी हीटरसाठी जी मोहीम केली ती लिहिली येणेप्रमाणे.

वामनरावांचे पदरी साठ वर्षांची एक विलायती मोटार होती. ती थंड मुलखासाठी घडली, सबब तीत हीटर. म्हणजे इंजिनाचे उकळते हिरवे पाणी, ज्यास कूलंट म्हणती, ते डॅशबोर्डामागील लहानशा जाळीत फिरावे आणि आतील मंडळींस ऊब मिळावी, ऐसी तजवीज. चंद्रपुरी ती ऊब कोणास हवी, ऐसे कोणी पुसिले की वामनराव "ओरिजिनल आहे" इतुकेच बोलत आणि मान ताठ करीत.

मग ऐसे जाहले की, कुरखेड्यास भाचीचे लग्न निघाले आणि वामनराव कुटुंब मनकर्णाबाई यांसह स्वारी करोन निघाले, आणि मूल गाव मागे टाकोन रानात शिरतात तो डॅशबोर्डाखालून हिरवे चिकट पाणी कढत कढत मनकर्णाबाईंचे पायावर उतरले, आणि पाय भाजला, आणि लग्नाचे कोरे पातळ भिजले, आणि समोरील काच आतून धुरकटोन वाट दिसेनाशी जाहली. ऐशा समयी वामनरावांनी फर्मान काढिले की, बाईने पिण्याच्या पाण्याची बाटली सांडली. मोटारीवर आळ येऊ नये म्हणोन त्यांनी तो बायकोवर घातला. बाईंनी बाटली त्यांचे नाकापुढे धरिली.

"हे पाहा, सील तरी तुटलं काय? अन् पाणी कुठी हिरवं असते?"

वामनरावांनी खुलासा केला की, उन्हाने रंग बदलत असेल. इतुकी विद्या ऐकोन बाई लंगडत खाली उतरल्या आणि मागून येती एसटी हात करोन थांबविली.

"खोटं बोललो म्हनून कबूल करान, तवाच मी या गाडीत बसन," ऐसे बोलोन त्या गेल्या आणि मुहूर्तावर लग्नमांडवी पोहोचल्या. वामनराव काचेवर फडके फिरवीत, जागोजागी इंजिन निववीत पोहोचले तो पंगती उठल्या होत्या आणि त्यांचे पानावर गार वरण आले.

तेथोन डावे आसन रिकामे पडिले. चाळीस वर्षे बाई तेथे बसोन रस्त्यावरील शेळीन् शेळी दाखवीत आणि वामनराव त्यावर त्रासत; आता बाजारास एकटे निघाले असता वळणावर "डावीकडून कोणी आहे का?" ऐसे त्यांचे मुखातून गेले आणि जाब देण्यास कोणी नव्हते. ते वर्मी लागले, परंतु कबुली देण्याइतके नव्हे.

मग बाबुपेठेकडील कुलदीप मिस्त्री यांस पाचारण जाहले. त्यांनी मसलत दिली, "भाऊ, इथी हीटर कोनाले पायजे? जाळीचे दोन्ही पाइप एकमेकाले जोडून देतो, झंझट संपली." ही मसलत शहाणपणाची होती, म्हणोन वामनरावांनी फेटाळिली. राज्याचा अवयव तोडोन तह करणे हुजुरांस नामंजूर.

तेव्हा शत्रूचा शोध चालिला. मिस्त्रींनी रेडिएटरचे तोंडी पंप लावोन दाब भरिला. दाबाचा काटा खाली घसरला, म्हणजे गळती खरी; बाहेरील पाइप कोरडे राहिले, पायांखालील गालिचा मात्र ओला जाहला. तरी वामनरावांस तो पाइपाचाच फितवा वाटे. मग डॅशबोर्ड सोडविला, आणि एक स्क्रू ऐशा सांदीत पडिला की दोघे पुरुष पाय दाराबाहेर काढोन उताणे पडिले, जणू रणी पडिले. अखेर जाळी हाती आली. तिचे एक तोंड बुचाने बंद करोन, दुसऱ्यास सायकलचा पंप लावोन, अंगणी धुण्याच्या टबात बुडविली. मिस्त्रींनी हवा मारिली आणि जाळीच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची फौज वर चालोन आली.

मनकर्णाबाई दारात पापड उलटीत होत्या. "काऊन हो," त्या बोलिल्या, "हे बुडबुडे माह्या बाटलीतूनच येऊन राह्यले काय?"

वामनराव टबाकडे पाहोन हळूच बोलिले, "बाटली नाई सांडली तुनं."

"मोठ्यानं म्हना. मिस्त्रीले आयकू द्या."

ते मोठ्याने बोलिले, आणि कान लाल होईतो बोलिले, आणि उगाच पंप पुसू लागले. बाईंनी एक भाजका पापड आणोन त्यांचे हाती दिला, परंतु मोटारीकडे पाहिले नाही.

मग नागपुराहून तांब्याची नवी जाळी घडवोन आणिली, आणि ती आधी टबात बुडवोन निर्दोष ठरविली, आणि नवे पाइप, नव्या क्लिपा कसोन जागी बसविली, आणि हिरवे पाणी भरिले. परंतु पाइपांत हवा कोंडली, ती निघण्यास हीटर पुरता उघडोन इंजिन चालविणे प्राप्त जाहले. मनकर्णाबाईंनी पायांखाली पांढरा पंचा अंथरिला, चपला काढिल्या आणि डावे आसनी आरूढ जाहल्या. स्वारी परकोटाभोवती निघाली. बाहेर लाही, आत वणवा. लोक सावलीतून पाहोन हसत, आणि वामनरावांचा सदरा पाठीस चिकटला, तरी ते पंच्याकडेच पाहात. पंचा कोरडा राहिला.

येणेप्रमाणे ज्येष्ठाचे आरंभी, सूर्य माथ्यावर असता, जटपुऱ्याचे वेशीपाशी हीटर चालता करोन वामनरावांची फत्ते जाहली; आणि तेथेच बाईसाहेबांचे हुकुमाने हीटर बंद करण्यात आला, तो आजतागायत बंद आहे.